कोणत्याच यादीत नसलेलं गाणं

इंदूरच्या गल्लीत सकाळी कचरागाडी येते ती गाणं वाजवत. महाराष्ट्रात या गाडीला घंटागाडी म्हणतात, कारण तिची वर्दी घंटा देते. इंदुरात ती वर्दी गायक शान यांचा आवाज देत आला आहे. २०१७ साली ‘स्वच्छ सर्वेक्षणा’त इंदूर देशात पहिलं आलं. त्या यशावर बेतलेलं ‘हो हल्ला’ हे गाणं महापालिकेच्या गाड्यांवर वाजू लागलं आणि पुढे दर वर्षी शहराचा पहिला क्रमांक टिकत गेला तशी त्याच जातीची नवी गाणी येत गेली. शहरात ८५ प्रभाग आहेत. गाडी दारोदार जाते, म्हणजे गाणंही दारोदार जातं. दूध तापवणाऱ्या बाईला, शाळेचं दप्तर भरणाऱ्या मुलाला, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना ते ऐकू येतं आणि शब्द न शब्द पाठ होतो. तरीही लोकप्रिय गाण्यांच्या ज्या याद्या आज रोज किंवा दर आठवड्याला निघतात, त्यांत अशा ऐकण्याला जागाच नाही. एका शहराचं सर्वांत ओळखीचं गाणं, तेही पहिल्या क्रमांकाचा अभिमान सांगणारं, आणि त्याला स्वतःला कुठलाच क्रमांक नाही. ही विसंगती नीट उलगडली, तर याद्यांविषयीची एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते: लोकांना काय आवडतं हे यादी थेट सांगत नसते. मोजणाऱ्याला लोकांची जी कृती दिसते, तिची ती नोंद असते. म्हणून यादी एकाएकी पालटते तेव्हा आवड पालटली असं समजण्याची घाई करू नये. पुष्कळदा नुसतं माप बदललेलं असतं.

याद्यांचा उगम पाहिला की हे स्पष्ट होतं. ब्रिटनमधली पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकात आली. पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना दूरध्वनी करून कोणत्या रेकॉर्ड जास्त खपल्या ते विचारलं आणि उत्तरांची बेरीज मांडली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांच्या आवाजात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिच्यामागे एका मराठी माणसाचा, त्याला नको असलेला, हातभार होता. पुण्याचे बा. वि. केसकर त्या वर्षी नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं निस्सीम प्रेम होतं आणि चित्रपटगीतं त्यांना हलकी वाटत. निर्मात्यांशी वाद झाला आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. इंदूरचं आकाशवाणी केंद्र १९५५ साली ‘मालवा हाऊस’मध्ये सुरू झालं ते याच काळात. त्यामुळे शहरात स्वतःचं केंद्र असूनही सिनेमातलं गाणं ऐकायला इंदूरकराला कोलंबोचीच सुई शोधावी लागे. १९५७ साली विविध भारती सुरू करून सरकारने चूक निस्तरली, तोवर बुधवारची संध्याकाळ सायानींची झालेली होती.

गीतमाला सुरुवातीला यादी नव्हतीच. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी ती ठरलेल्या क्रमाने लावून पाठवायची आणि बक्षीस मिळवायचं, अशी ती स्पर्धा होती. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारांच्या घरात पत्रं आली आणि पुढे आठवड्याला ६५ हजारांपर्यंत मजल गेली. एवढा ढीग तपासणं हाताबाहेर गेलं, तेव्हा स्पर्धा थांबली आणि तिच्या जागी लोकप्रियतेची उतरंड आली. तिचा आधार होता दुकानांतली रेकॉर्डविक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांचा कौल. या दोन्ही आधारांत कोण येत नव्हतं ते पाहावं. रेकॉर्ड विकत घ्यायची तर घरात ग्रामोफोन हवा. पत्र पाठवायचं तर लिहिता यायला हवं, संघात चार मित्र हवेत आणि पोस्टकार्डाला पैसे हवेत. पाणवठ्यावर, गिरणीच्या पाळीत, शेजारच्या हॉटेलातल्या रेडिओवर गाणं ऐकून ते दिवसभर गुणगुणणारी माणसं या हिशेबात नव्हती. इंदूर तर कापडगिरण्यांचं शहर. हुकूमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या गिरण्यांतल्या हजारो कामगारांचे कान गीतमालेच्या उतरंडीत किती उतरले असतील? उलट अभ्रकाच्या खाणींचं झुमरी तलैया हे लहानसं गाव फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर दुमदुमलं. तिथल्या लोकांना गाणी इतरांपेक्षा जास्त आवडत होती, असं त्यावरून ठरत नाही. ते पत्रं जास्त लिहीत होते, एवढं नक्की ठरतं.

पत्रांची ताकद मात्र कमी लेखू नये, आणि त्याचा सर्वांत चांगला दाखला इंदुरातच जन्मलेल्या गायिकेचा आहे. लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात झाला. वडील मास्टर दीनानाथ यांची नाटक कंपनी फिरती, त्यामुळे शहर लवकरच सुटलं. १९४९ साली ‘महल’ चित्रपटातलं खेमचंद प्रकाश यांनी बांधलेलं ‘आयेगा आनेवाला’ गाजलं, तेव्हा रेकॉर्डवर गायिकेचं नाव ‘कामिनी’ असं छापलेलं होतं. कामिनी हे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचं नाव. गाणं लोकांच्या ओठांवर होतं, रेकॉर्ड खपत होती, आणि ज्या गळ्यातून ते आलं त्याचा पत्ता नव्हता. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा सुरू केली की ही बाई कोण? त्या रेट्यामुळे गायिकेचं खरं नाव पुढे आलं आणि पार्श्वगायकांची नावं रेकॉर्डवर छापण्याच्या प्रथेला बळ मिळालं. विक्रीचा आकडा किती प्रती गेल्या तेवढं सांगत होता. माणसांनी काय ऐकलं ते त्यांच्या प्रश्नातून कळलं. आकड्याच्या पलीकडे ऐकणाऱ्याला आणखी काहीतरी सांगायचं असतं, ही गोष्ट हिंदी चित्रसंगीताला तेव्हाच कळली होती. पुढच्या काळात ती मागे पडली याचं वाईट वाटतं.

यावर साहजिक आक्षेप येईल की हे सगळं जुन्या, कच्च्या मोजणीचं झालं. आज प्रत्येक वाजणं यंत्र नोंदवतं, मग अंदाजाला जागा कुठे? आक्षेपात तथ्य आहे. अचूकता वाढली की चित्र किती बदलतं हे अमेरिकेने १९९१ साली पाहिलं. तोवर ‘बिलबोर्ड’ची अल्बमची यादी दुकानदारांच्या तोंडी माहितीवर चाले. त्या वर्षीच्या मे महिन्यात ‘साउंडस्कॅन’ पद्धत आली आणि गल्ल्यावर बारकोड वाचून झालेली खरी विक्री मोजली जाऊ लागली. महिन्याभरात एनडब्ल्यूए या रॅप गटाचा अल्बम पहिल्या स्थानावर गेला. सप्टेंबरात गार्थ ब्रूक्स या कंट्री गायकाचा ‘रोपिन द विंड’ थेट पहिल्याच क्रमांकावर उतरला. काळ्या वस्त्यांतला रॅप आणि दक्षिणेकडचं ग्रामीण संगीत लोक आधीही विकत घेतच होते. दुकानदाराच्या आठवणीत मात्र त्याला रॉकच्या मानाने कमी जागा होती, त्याच्या आवडीचा आणि सवयीचा रंग आकड्याला लागत होता. बारकोडला आवड नसते. इतकं मान्य करूनही प्रश्न उरतोच. बारकोडने विक्री चोख मोजली, ऐकणं मोजलं नाही. तराजू कितीही चोख असला तरी तो वजनच सांगणार, धान्याची चव नाही.

आजचा तराजू म्हणजे फोन. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक वाजणं धरतात. या एका नियमाने गाण्याची बांधणीच हलवली. गीतमालेच्या काळातला संगीतकार मुखड्याआधी सतार, व्हायोलिन, बासरी यांचं आवतण देत असे. ऐकणाऱ्याने रेकॉर्ड विकत घेतलेली असे किंवा रेडिओ लावलेला असे, तो उठून जाणार नव्हता. आज अंगठा फिरला की गाणं संपलं. म्हणून आवाज पहिल्या काही सेकंदांतच येतो आणि मुखड्याची सर्वांत खेचणारी ओळ पुढे आणली जाते. रील्सने हे आणखी आवळलं, कारण तिथे गाण्याचा एक तुकडाच फिरतो. संजू राठोड या जळगाव जिल्ह्यातल्या तरुणाचं ‘गुलाबी साडी’ हे २०२४ मधलं मराठी गाणं याचं लखलखीत उदाहरण. साडी, नटणं, फोटो अशी रोजच्या लाडाची गोष्ट, आणि ज्यावर कोणीही अंगणात उभं राहून नाचू शकेल असा ठेका. मराठी न कळणाऱ्यांनीही त्यावर रील्स केल्या. गाणं मुंबई-पुण्याच्या स्टुडिओसंस्कृतीतून न येता खानदेशातून आलं, हे मला त्याच्या यशाहून मोलाचं वाटतं. इंदुराहून खंडवा, बुऱ्हाणपूर करत रस्ता सातपुड्यापलीकडे याच मुलखात उतरतो. त्याच पट्ट्यातल्या ‘हाई झुमकावाली पोर’ या अहिराणी गाण्याने यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक मिळवले. जुन्या मोजणीत अहिराणीला रकानाच नसता, आणि नव्या मापाचं हे श्रेय दिलंच पाहिजे.

सारी गाणी आखूड आणि उथळ होत चालली आहेत, असा निष्कर्ष मात्र यावरून काढू नये. जुलै २०२५ मध्ये मोहित सूरी यांच्या ‘सैयारा’ चित्रपटाचं शीर्षकगीत स्पॉटिफायच्या जागतिक यादीत पहिल्या दहात गेलं. इर्शाद कामिल यांचे शब्द, फहीम अब्दुल्ला या काश्मिरी गायकाचा आवाज, आणि चाल संथ, विरहाची. ते रील्समधूनही फिरलं, पण त्याला खरं बळ चित्रपटगृहातल्या अंधाराने दिलं. पडद्यावर गोष्ट पाहून माणसं बाहेर पडली आणि तीच भावना पुन्हा अनुभवायला फोनकडे वळली. फोनने मोजलं ते या दुसऱ्या पायरीवरचं ऐकणं. पहिली पायरी, म्हणजे शेकडो अनोळखी माणसांनी एकत्र बसून ऐकणं, गाण्यांच्या यादीत आली नाही. ती तिकिटांच्या हिशेबात गेली.

मापाची मर्यादा मोजणाऱ्यांनाही ठाऊक असते. म्हणूनच ते नियम सारखे बदलतात. मार्च २०१७ मध्ये एड शीरन यांचा अल्बम आला आणि ब्रिटनच्या पहिल्या २० गाण्यांत १६ एकट्या त्यांची झाली, कारण लोकांनी अल्बम सुरू करून तसाच वाजू दिला होता. त्याच वर्षी नियम आला की मुख्य कलाकार म्हणून एकाची तीनच गाणी यादीत धरायची. २०१८ पासून तिथे वर्गणी भरणाऱ्याची १०० वाजणी एका विक्रीइतकी आणि फुकट ऐकणाऱ्याची ६०० वाजणी तेवढीच धरली जाऊ लागली. म्हणजे एकाच गाण्यावर तितकंच प्रेम करणाऱ्या दोन माणसांत पैसे भरणाऱ्याचं मत सहापट जड. आपल्याकडे २०१९ साली रॅपर बादशाह यांचं ‘पागल’ हे गाणं २४ तासांत साडेसात कोटी वेळा पाहिलं गेल्याचा विक्रम सांगितला गेला. त्यात जाहिरात म्हणून विकत घेतलेली पाहणीही असल्याचं उघड झालं आणि यूट्यूबने अशी पाहणी अशा विक्रमांतून वगळली. गीतमालेतही बराच काळ ठाण मांडून बसणाऱ्या गाण्याला ‘सरताज गीत’ हा किताब देऊन मानाने बाजूला करत, म्हणजे नव्यांना वाट मिळे. इंदूरकरांना ही पद्धत वेगळ्या क्षेत्रातून चांगली माहीत आहे. स्वच्छतेत पहिला नंबर सोडायलाच शहर तयार नव्हतं, तेव्हा २०२४-२५ च्या सर्वेक्षणात वारंवार वर राहणाऱ्या शहरांसाठी ‘सुपर स्वच्छ लीग’ असा वेगळा गट काढला गेला आणि इंदूर त्यात गेलं. सरताज गीत आणि सुपर लीग ही एकाच गरजेची दोन नावं. क्रमवारी ही माणसांनी मांडलेली व्यवस्था आहे, तिला निसर्गनियमाचा दर्जा देता येत नाही.

आता इंदुरातलं न मोजलेलं ऐकणं किती पसरलेलं आहे ते पाहू. रेडिओ मिर्चीने देशातलं आपलं पहिलं केंद्र ४ ऑक्टोबर २००१ रोजी उघडलं ते मुंबई-दिल्लीत नव्हे, इंदुरात. तरी पुढे रेडिओचे श्रोते मोजण्याची ‘रॅम’ पद्धत आली ती दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळुरू या चार महानगरांतच. ज्या शहरात खासगी रेडिओने इतक्या लवकर मुळं धरली, त्याचे कान या नमुन्याबाहेर राहिले. रंगपंचमीच्या ‘गेर’ मिरवणुकीत राजवाड्यासमोर लाखभर माणसं रंगात आणि आवाजात भिजतात, अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर निघतात, लग्नसराईत बँडवाले एकच धून चौकाचौकात वाजवतात. तिथे कोणती गाणी किती वेळा वाजली याची यादीपुरती नोंद नाही. कायद्यानेही ती उत्पन्न होत नाही: प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभ आणि लग्नाची वरात यांना परवान्यातून सूट आहे. ही सूट रास्तच आहे, वरातीला पावती फाडायला लावणं क्रूरपणा होईल. पण पावती नाही म्हणजे मोजणीही नाही. इंदूरच्या मराठी घरांचं तर आणखी वेगळं. होळकरांच्या काळापासून इथे मराठी वस्ती आहे, महाराष्ट्र साहित्य सभा आहे, ‘सानंद’ या संस्थेच्या प्रयोगांना मराठी रसिक दाटीने येतात. त्या घरात सकाळी अभंग, दुपारी हिंदी सिनेमा, गणपतीत अजय-अतुल आणि शेजारच्या मांडवातून माळवी बन्ना-बन्नीची लग्नगीतं असा एकच कान चालतो. याद्या मात्र भाषेच्या खणांत मांडलेल्या असतात. हा कान मराठीच्या यादीत चतकोर, हिंदीच्या यादीत चतकोर दिसतो. अखंड असा कुठेच नाही.

सर्वांत टोकदार आक्षेप उरला आहे. कचरागाडीचं गाणं माणसाने निवडलेलं नाही, ते त्याच्यावर येऊन आदळतं. ते मोजलं तर लोकप्रियता आणि सक्ती यांत फरक काय राहिला? हा फरक मलाही महत्त्वाचा वाटतो. पण तो लावायचा तर सगळीकडे सारखा लावावा लागेल. अमेरिकेची ‘हॉट १००’ यादी १९५८ पासून रेडिओवरचं वाजणंही धरते, आणि रेडिओवर काय वाजावं हे ऐकणारा ठरवत नाही. फोनवर एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं. रील उघडली की गाणं आधी येतं आणि पसंती मागून. निवड आणि आदळणं यांच्यातली रेषा मोजणाऱ्यांनी केव्हाच पुसट केलेली आहे. राहता राहिला जिव्हाळा. सक्तीने ऐकवलेलं गाणं माणसं टाळतात, त्याला वैतागतात. इंदुरात या गाण्याभोवती काय घडलं? कचरा वेगवेगळा करून वेळेवर दाराशी आणणं ही लाखो घरांची सवय झाली आणि तिच्या वेळेची खूण हे गाणं झालं. जात्यावरच्या ओवीला, मोटेवरच्या गाण्याला, भूपाळीला आपण लोकप्रिय म्हणतो ते कोणी ती ३० सेकंद निवडून ऐकली म्हणून नव्हे. ती कामाला आणि वेळेला चिकटली होती, म्हणून टिकली. कचरागाडीच्या गाण्याची गुणवत्ता भूपाळीची आहे असं मी म्हणत नाही. ऐकलं जाण्याची त्याची रीत मात्र तीच आहे, आणि ही रीत याद्यांच्या जन्माच्या फार आधीची आहे.

गाण्याचा हिशेब वेगळ्या एककात मांडता येतो, याचा पुरावाही याच शहराने दिला आहे. इंदूरच्या पलक मुच्छल यांचं नाव ‘आशिकी २’ मधल्या ‘चाहूँ मैं या ना’ने २०१३ साली घरोघरी गेलं. त्याच्या कितीतरी आधी, अगदी लहानपणापासून, त्या हृदयविकार असलेल्या गरीब मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी गाऊन पैसे उभे करत होत्या. अशा शस्त्रक्रियांची संख्या आता तीन हजारांच्या पुढे गेली आहे. हा आकडा गाण्यांच्या कोणत्याही क्रमवारीत बसत नाही, पण एका आवाजाने काय केलं हे तो इतर आकड्यांपेक्षा खणखणीत सांगतो.

याद्या निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. गीतमालेच्या वार्षिक याद्या नसत्या तर पन्नासच्या दशकाच्या कानांचा मागमूस आज कुठे लागला असता? २०२२ साली बिलबोर्डने भारतासाठी २५ गाण्यांची यादी सुरू केली, तिच्यातूनही उद्याच्या अभ्यासकाला पुष्कळ मिळेल. त्याने फक्त प्रत्येक यादीला आधी विचारावं की तू कोणाची कोणती कृती मोजलीस: पत्र टाकणं, पैसे मोजणं, की अंगठा न हलवणं? आणि मग यादीबाहेर काय राहिलं ते शोधायला निघावं. इंदूरजवळ, महूच्या वाटेवर, पिगडंबर गावात सुमन चौरसिया यांनी जन्मभर जमवलेल्या ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय आहे. लता मंगेशकर यांच्या नावाने उभ्या असलेल्या त्या जागेत हजारो तबकड्या आहेत. गाजलेली गाणी तर आहेतच, पण जी कधी उतरंडीत आली नाहीत, ज्यांचे चित्रपट आठवड्यात उतरले, जी प्रादेशिक बोलीत होती म्हणून कोणी मोजलीच नाहीत, अशी गाणीही त्याच फळ्यांवर त्याच जपणुकीने ठेवलेली आहेत. तिथे शोधाशोध करायची ती क्रमांकाने नाही, आवाजाने.